खरी जागा

मांडवखार बंदरात मासळीने भरलेली बोट लागली की धक्क्यावरचा कुणीतरी तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, हटकून विचारतो, "कुठं लागली रे?" तांडेल हात लांबवून एखादी दिशा दाखवतो. ती दिशा खोटी असते. विचारणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तरी विचारायचं आणि तरी सांगायचं, अशी इथली रीत आहे. एरवी ही माणसं दिल्या शब्दाला जागणारी, पण जागेच्या बाबतीत बोललेलं खोटं इथं कुणी खोट्यात धरत नाही.

इथं जागा म्हणजे घर बांधायची जमीन नव्हे. समुद्राच्या तळाशी कुठंतरी खडकाला खाच पडलेली असते, तिथं पाणी वळण घेतं आणि घोळ माशांचा थवा येऊन थांबतो. ती जागा. आजा ती बापाला दाखवतो, बाप मुलाला. मुलींना मात्र दाखवत नाहीत. मुलगी लग्न होऊन परक्या घरी जायची आणि जागा तिच्यासोबत जायची, ही भीती.

जुईली नाखवाला अर्थातच घरची जागा ठाऊक नव्हती. तिचा बाप मोरेश्वर, बंदरातला मोरूतांडेल, जागेच्या बाबतीत सगळ्यांत घट्ट तोंडाचा म्हणून प्रसिद्ध होता. जुईलीच्या धाकट्या भावाला, विघ्नेशलासुद्धा त्याने ती गेल्या नारळी पौर्णिमेनंतर दाखवली, तीही देवीपुढे शपथ घालून. त्या रात्री विघ्नेश घरी आला तो मिशीतल्या मिशीत हसत. जुईलीने त्याला वाटेल ती लालूच दाखवली, शेवटी कान पिरगाळला.

"ताय, तू उद्या वरच्या पाड्यात लगीन करशील," तो म्हणाला, "मग तुझा नवरा आमच्या घोळी खानार. जमनार नाय."

"माझं लग्न होईपर्यंत समुद्रात घोळ उरली तर ना," जुईली म्हणाली. दोघं पोट धरून हसली. बाप ओटीवरून ओरडला तेव्हा कुठं गप्प झाली.

जागा मिळाली नाही तरी जुईलीने समुद्राशी नातं तोडलं नव्हतं. ती नर्सिंग शिकली आणि सन २०४४मध्ये, बर्फाच्या कारखान्यावरच्या माडीत, मांडवखारच्या दूरवैद्यक खोलीत कामाला लागली. बंदरातल्या प्रत्येक बोटीवर तोवर डॉक्टरपेटी बसली होती.

ही पेटी म्हणजे त्या काळाचं खरं नवल. दिसायला मासळीच्या शीतपेटीएवढी. उघडली की आत एक रुंद पट्टा. तो रोग्याच्या अंगाला बांधायचा. पट्ट्याच्या आतल्या अंगाला नखाएवढ्या चकत्यांची रांग असे. त्या शरीरात आवाजाच्या सूक्ष्म लाटा सोडत आणि परत आलेल्या लाटांवरून आतलं चित्र काढत: हृदय कसं हलतंय, फुप्फुस कुठं चिकटलंय, रक्त कुठं साचलंय. पट्ट्यातच सुया होत्या, औषधं होती, आणि सुई कुठं नि किती खोल घालायची ते ठरवणारा एक चिमुकला यांत्रिक हात होता. तो हात चालवायचा किनाऱ्यावरच्या डॉक्टरने. डॉक्टर आपल्यासमोरच्या काचेवर बोट जरासं सरकवी, तो निरोप खालच्या कक्षेतल्या उपग्रहांमार्फत समुद्रावर जाई आणि पापणी लवायच्या आत सुई तेवढीच सरके. पूर्वी ज्या माणसाला धक्क्यावर आणेपर्यंत पांघरूण घालायची वेळ यायची, तो आता बोटीवरच उठून चहा मागू लागला असता. विज्ञानाने आपलं काम चोख केलं होतं. बाकीचं काम कायद्याकडे होतं.

कायद्यापुढे प्रश्न असा होता, की उपचार होतो कुठं? डॉक्टर बसलाय तिथं, की रोगी पडलाय तिथं? प्रश्न पोरकट वाटतो, पण त्याच्या पायी वर्षानुवर्षं भांडणं झाली. मध्यंतरी एक टोळी सापडली होती. तिचा रोगी एका राज्यात, डॉक्टरची नोंद दुसऱ्या राज्यात, आणि नशेच्या गोळ्या उतरायच्या तिसऱ्याच राज्यात. माणसं मेली आणि कुठल्या राज्याने डॉक्टरला धरायचं यावर सगळ्यांनी हात वर केले. तेव्हापासून नियम झाला: उपचार रोग्याच्या ठिकाणी होतो. डॉक्टरची नोंदणी ज्या राज्यात, त्याच राज्याच्या हद्दीत रोगी हवा. आणि तो तिथं आहे याला तीन साक्षी हव्यात. एक साक्ष बोटीच्या ठावयंत्राची, ते आपोआप ठिकाण कळवतं. दुसरी तांडेलाची, त्याने तोंडाने सांगायचं. तिसरी बंदरावरच्या सहायकाची, म्हणजे जुईलीची. तिने पडताळून अंगठा टेकवायचा. तिन्ही जुळल्या की सुईचं कुलूप उघडणार. उपचार संपेपर्यंत पेटी कान देऊन ऐकत राहणार, आणि ठिकाणाबद्दल एक शब्द जरी वेगळा पडला तरी कुलूप पुन्हा लागणार.

जमिनीवर हे ठीक होतं. समुद्रात मात्र राज्याची हद्द किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर संपते. पाण्यावर काही रेघ मारलेली नसते आणि मासे ती पाळत नाहीत. त्या रेषेपलीकडच्या रोग्यांसाठी केंद्राचा खोल सागर कक्ष स्थापन झाला होता. त्याचं उद्घाटन झालं होतं, फोटो छापून आले होते. फक्त त्यात डॉक्टर नेमायचे राहिले होते. जुईली प्रत्येक बैठकीत उठून विचारायची, "रेषेपलीकडे कुणाला काही झालं तर?" प्रत्येक वेळी उत्तर मिळे, "विषय विचाराधीन आहे." पुढं पुढं तर ती उठायच्या आधीच लोक हसू लागले.

आणि ठावयंत्राची गंमत निराळीच होती. त्याच्यामुळे कुठली बोट कुठं आहे हे ज्याला त्याला मोबाइलवर दिसू लागलं. तांडेल हादरले. पिढ्यान्‌पिढ्या तोंडाने जपलेली जागा आता यंत्र चव्हाट्यावर मांडणार! मग कुठून तरी एक आगपेटीएवढं यंत्र आलं. ठावयंत्राच्या दांडीला ते चिकटवलं की बोट असायची एकीकडे आणि दिसायची दुसरीकडे. त्याला सगळे भुलव्या म्हणत. मांडवखारमध्ये भुलव्या नाही अशी बोट नव्हती, आणि आपल्याकडे भुलव्या आहे असं कबूल करणारा तांडेलही नव्हता. जुईलीलाही हे माहीत होतं. आजवर आलेले रोगी म्हणजे कुणाचा ताप, कुणाचं कापलेलं बोट, तेही किनाऱ्याजवळचे. म्हणून तिने कानाडोळा केला होता.

त्या दिवशी सकाळी उन्हं चांगली वर आल्यावर खोलीतला तांबडा दिवा लागला. पडद्यावर बोटीचं नाव उमटलं आणि जुईलीच्या हातातला कप तसाच राहिला. बोट त्यांच्या घरची होती.

"ताय!" पडद्यावर गजाचा चेहरा आला. गजा त्यांचा जुना खलाशी, धिप्पाड माणूस, पण आवाज रडवेला. "ताय, विग्याला दोर लागला! जाला खेचताना मशीनचा दोर तुटला नि छातीवर बसला. त्याला दम घेता येत नाय."

त्याच्या मागे डेकवर विघ्नेश पडला होता. मोरूतांडेलाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. पोराचं तोंड उघडं होतं आणि मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. जुईलीला क्षणभर काहीच ऐकू येईना. मग तिला आपलाच आवाज ऐकू आला. ती डॉक्टरांना जोडून देत होती आणि गजाला पट्टा बांधायला सांगत होती.

जिल्ह्याच्या गावी, दूरवैद्यक केंद्रात, डॉ. निनाद सामंत काचेपुढे आले. शांत माणूस, कधी आवाज न चढवणारा. पट्ट्याने काढलेलं चित्र त्यांनी पाहिलं आणि ते भराभर बोलू लागले.

"बरगडी मोडून फुप्फुसाला भोक पडलंय. दर श्वासाला हवा छातीत शिरते, पण बाहेर पडायला वाट नाही. ती हवा साचून हृदयाला दाबतेय. जाड सुई घालून हवा मोकळी केली की हा मुलगा लगेच श्वास घेईल. घाबरू नका, पण वेळ थोडा आहे. जुईली, साक्षी पूर्ण कर."

पेटीतून बाईचा गोड आवाज आला, "तांडेलाने रोग्याचं ठिकाण सांगावं."

मोरूतांडेलाने मान वर केली. शेजारी वायरलेस सुरू होता. आजूबाजूच्या सगळ्या बोटी कान लावून बसल्या असणार हे त्याला ठाऊक होतं. मरणाच्या भीतीने त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. तरी त्याच्या तोंडून जे आयुष्यभर निघत आलं तेच निघालं.

"काल्या खडपाच्या उत्तरेला. बारा वाव पानी."

जुईलीने पडद्याकडे पाहिलं. काळं खडप किनाऱ्यापासून जवळ, बारा वाव म्हणजे जेमतेम सत्तर फूट खोल. तिथलं पाणी गढूळ, हिरवट, आणि वर सदा पाखरांचा गलबला. विघ्नेशच्या डोक्यामागे दिसणारं पाणी गडद निळं होतं, शाईसारखं. एकही पाखरू नव्हतं. बोट कुठं होती ते तिला कळेना, पण काळ्या खडपाशी नव्हती, एवढं नक्की.

तिने हेलिकॉप्टरसाठी फोन लावला होता आणि पलीकडचा माणूस ठिकाण मागत होता. तिने बंदराचा वायरलेस ओढून घेतला.

"बाबा, हेलिकॉप्टर बोलावलंय. कुठं येऊ दे?"

"तिथंच. सांगितला ना."

"बाबा, पाया पडते मी तुमच्या. विग्या आहे तो."

पडद्यावर मोरूतांडेलाने नुसती मान फिरवली. जुईलीला बापाचा इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. पोरगा मांडीवर तडफडतोय आणि हा माणूस अजून घोळ राखतोय!

आणि तेवढ्यात तिचं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात गेलं. दोन हिरव्या खुणा. भुलव्याने ठावयंत्राकडून वदवलं होतं, काळं खडप. तांडेल म्हणाला होता, काळं खडप. दोन्ही जुळल्या होत्या. काळं खडप राज्याच्या हद्दीत होतं. आणि जिथं पाणी असं निळंशार होतं ती जागा रेषेच्या पलीकडे होती. तिथं डॉ. सामंतांना सुई हलवायचा अधिकार नव्हता, आणि ज्यांना होता ते अजून नेमलेलेच नव्हते.

म्हणजे बाप खोटं बोलला तेच बरं झालं होतं. विघ्नेश वाचणार होता तो त्या खोट्यावरच.

आता राहिली तिसरी साक्ष. अंगठा टेकवायचा तर खोटी साक्ष, नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. जुईलीने एवढा विचार केला की नाही कुणास ठाऊक. तिने अंगठा टेकवला. आधी सुई, मग हेलिकॉप्टर, एवढंच तिने ठरवलं होतं.

"कुलूप उघडलं," डॉ. सामंत म्हणाले. "सगळ्यांनी हात बाजूला घ्या. कुणी त्याला हलवू नका."

पट्ट्यातून बारीक घरघर ऐकू आली. डॉक्टरांचं बोट काचेवर कणाकणाने सरकत होतं आणि समुद्रात, विघ्नेशच्या छातीवर, सुई बरगडीची कड शोधत होती. त्याचे ओठ निळे पडले होते. मोरूतांडेल त्या ओठांकडे एकटक बघत होता. मधूनच त्याने वायरलेसकडे पाहिलं, मग पोराकडे, मग परत वायरलेसकडे. आपल्या बापाच्या मनात काय घोळतंय ते जुईलीला लख्ख दिसलं. तिने मघाशी घातलेली गळ आता उशिराने त्याच्या काळजापर्यंत पोचत होती.

तिला ओरडून सांगायचं होतं, बाबा, आता खरं सांगू नका! पण बोटीवरचा वायरलेस पेटीला खेटून होता. 'खरी जागा सांगू नका' म्हणावं तर त्या वाक्यातच चोरी पकडली जाणार होती. शेवटी ती एवढंच बोलली, "बाबा, राहू दे. आता काही बोलू नका."

ती हे प्रेमाने म्हणाली की रागाने, हे तिचं तिलाही पुढं कधी सांगता आलं नाही. मोरूतांडेलाने त्यात काय ऐकलं ते गजाने तिला नंतर सांगितलं. वायरलेसकडे बघत तो पुटपुटला होता, "पोरीनं पन आशा सोडली माझी." आणि मग त्याने वायरलेस उचलला.

"ऐका रे सगले! मोरू नाखवा बोलतो!" त्याचा आवाज फाटला होता. "मी काल्या खडपाशी नाय! दीपस्तंभाला पाठ देऊन सरल पश्चिमेला या, पानी निला होईतोवर. एकवीस वाव. तलाला खाच हाय, तिथं मी उभा हाय. माझ्या बापाची जागा हाय ती! सगल्यांनी घ्या, मना नको ती! माझा पोऱ्या मरतो हाय, कुनीतरी या रे!"

ज्या शब्दांसाठी बंदर दोन पिढ्या कान टवकारून बसलं होतं ते शब्द भर सकाळी सगळ्या समुद्रावर ऐकू गेले. जुईलीलाही जागा कळली ती तेव्हाच.

मोरूतांडेल वायरलेसवर हाका मारतच राहिला, पेटी काय बोलली ते त्याच्या कानात शिरलंच नाही. पेटीतल्या बाईचा आवाज होता तसाच गोड होता. "सांगितलेल्या ठिकाणांत तफावत आढळली आहे. रोगी राज्याच्या हद्दीबाहेर आहे. आपल्या सुरक्षिततेसाठी हे सत्र बंद करण्यात येत आहे."

सुईचं टोक कातडीला टेकलं होतं. ते मागे सरकलं आणि पट्ट्यात जाऊन बसलं. पडदा काळा झाला.

"नाही, नाही, नाही," डॉ. सामंत म्हणत होते. "जुईली, परत जोड. मला आणखी एवढासा वेळ हवा होता!"

परत जोडता येत नव्हतं. तफावत आढळलेली पेटी चौकशी होईपर्यंत उघडत नाही, असाच नियम होता. जुईलीने खोल सागर कक्षाला फोन लावला. तिकडून सनई ऐकू आली आणि मग, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तिने दुसऱ्या फोनवर हेलिकॉप्टरवाल्यांना खरी जागा सांगितली. ते लगेच निघतो म्हणाले, पण समुद्रावर तिथवर यायला वेळ लागणार होता. तिसऱ्या फोनवर डॉक्टर होते.

"सर, मला तोंडाने सांगा. पट्टा नसला तर नसला. काय, कुठं घालायचं ते सांगा, मी वायरलेसवर बाबांना सांगते."

डॉक्टरांची खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"सर!"

"हद्दीबाहेरचा रोगी, तोही मला डोळ्यांनी दिसत नाही, खलाशाच्या हातात सुरी," ते हळू आवाजात म्हणाले. "काही झालं तर तो माझ्या हातून झालेला खून ठरतो, जुईली. थांब. मी वरिष्ठांना विचारतो. एक मिनिट थांब."

ती थांबली. दुसरं काय करणार? एका कानात सनई वाजत होती. खिडकीखाली बर्फ फोडणाऱ्या बायका कशावरून तरी खिदळत होत्या, आणि जुईलीला वाटलं की खाली जाऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवावा.

डॉ. सामंत परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. वरिष्ठ भेटले नव्हते. "लिहून घे," ते म्हणाले. "जाऊ दे माझी नोंदणी. मी सांगतो, तू सांग." आणि त्यांनी सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, एकेक पायरी करून. माणूस वाईट नव्हता. त्याला थोडा उशीर झाला, एवढंच.

जुईलीने वायरलेस उचलला. "बाबा, मी सांगते तसं करा. गजाला म्हणावं सुरी उकळत्या पाण्यात..."

"बाय," मोरूतांडेल म्हणाला.

"बाबा, ऐका ना! काखेच्या खाली..."

"बाय, आता नको. थंड झाला तो."

ती हातातल्या कागदावरचं उरलेलं सगळं वाचत राहिली, शेवटच्या शब्दापर्यंत. पलीकडून कुणी तिला अडवलं नाही.

त्या दिवशी समुद्रावरच्या सगळ्या बोटी जाळी सोडून मोरूतांडेलाच्या हाकेला धावल्या, हे सांगायला हवं. ज्यांच्याशी दोन पिढ्यांचं बोलणं नव्हतं तेही आले. हेलिकॉप्टर आलं आणि वर घिरट्या घालून रिकामं परतलं. विघ्नेशची बोट मध्ये आणि बाकीच्या दोन्ही बाजूंना, असे सगळे बंदरात आले. धक्क्यावर त्या दिवशी कुणी कुणाला काही विचारलं नाही.

आणि तेराव्यानंतर त्याच बोटी पुन्हा त्या जागी गेल्या. त्यांना तरी काय बोल लावायचा? जागा कळली होती, पोटं होती. एकवीस वाव पाण्यात जाळ्यांवर जाळी पडली आणि होळीच्या आत खाचेत घोळीचं पिल्लूही उरलं नाही.

चौकशीला दूरवैद्यक मंडळाकडून देवस्थळीबाई आल्या. भल्या बाई. त्यांनी आधी जुईलीचा हात हातात घेतला आणि त्यांचे डोळेही भरून आले. मग त्यांनी चष्मा लावला.

"तुमच्या भावाचं फार वाईट झालं. पण व्यवस्थेच्या दृष्टीने बघा. यंत्रणा नियमाप्रमाणे चालली. खोटं पकडलं गेलं. हे झालं नसतं तर उद्या कुणीही उठून काहीही ठिकाण सांगेल."

"यंत्राने खोटं नाही पकडलं, मॅडम," जुईली म्हणाली. "आम्ही खोटं बोलत होतो तोवर कुलूप उघडं होतं. त्याने खरं पकडलं."

देवस्थळीबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. हे कसं लिहून घ्यावं ते त्यांना कळेना, म्हणून त्यांनी ते लिहून घेतलं नाही. "खोल सागर कक्षाचं काय?" जुईलीने विचारलं. विषय विचाराधीन होता.

जुईलीची नोकरी गेली. खटला भरला नाही, ती मंडळाची दया. डॉ. सामंतांना समज मिळाली. पुढं ते हद्दीतल्या रोग्यालाही हात लावायच्या आधी दोनदा ठिकाण विचारू लागले, असं कानावर आलं. मग नवा आदेश निघाला: ज्या बोटीवर भुलव्या सापडेल तिची डॉक्टरपेटी काढून घेण्यात येईल. मांडवखारच्या तांडेलांनी त्यावर फार विचार केला नाही. त्यांनी भुलवे ठेवले आणि पेट्या आपणहून परत केल्या. बर्फाच्या कारखान्यावरच्या माडीत त्या एकावर एक रचून ठेवल्या गेल्या, कोऱ्या करकरीत, आणि खोलीला बाहेरून कुलूप लागलं.

मोरूतांडेल बोटीवर जाईनासा झाला. ओटीवर चटई टाकून पडून राही. लोक येत, बसत, इकडचं तिकडचं बोलत. कुणीतरी बोलता बोलता काहीतरी बोलून गेलं असावं. एका दुपारी जुईली पाण्याचा तांब्या ठेवायला आली तेव्हा त्याने तिला खूण करून शेजारी बसवलं.

"बाय, एक विचारतो."

"विचारा की."

"ती सुई आत जानारच व्हती ना?" तो आढ्याकडे बघत म्हणाला. "मी खरा सांगितला म्हनून बंद झाली काय ती?"

हा प्रश्न एक दिवस येणार हे जुईलीला माहीत होतं. तिने रात्ररात्र जागून उत्तर तयार ठेवलं होतं, म्हणून ते चटकन आलं.

"नाय बाबा. ढग आला होता मध्ये. उपग्रहाशी संपर्कच तुटला. तुम्ही बोललात तेव्हा ते आधीच बंद पडलं होतं."

मोरूतांडेलाने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. पन्नास पावसाळे आकाश बघून बोट हाकलेला माणूस तो. त्या सकाळचं आकाश त्याला दिसत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, स्वच्छ, पुसून काढल्यासारखं. तिचा हात त्याने हातात घेतला. तिला वाटलं, आता हा रडेल. रडला असता तर बरं झालं असतं.

"तांडेलाची पोर शोभतंस, बाय," तो म्हणाला.

मग त्याने हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं.